टपालाचे दर वाढतात तेव्हा: बल्क मेलवाल्यांच्या संघटनेनं आपली बाजू कशी मांडावी

अमेरिकेत साध्या पत्राचं तिकीट २०२० च्या अखेरीस ५५ सेंटला मिळत होतं. जुलै २०२५ मध्ये ते ७८ सेंटवर गेलं. वर्षाला चार भेटकार्डं पाठवणाऱ्याला याचं फारसं काही वाटणार नाही. पण महिन्याला दहा लाख पाकिटं टपालात टाकणाऱ्याला एका सेंटची वाढ म्हणजे महिन्याला दहा हजार डॉलर. बँकांची स्टेटमेंटं, विमा कंपन्यांच्या नोटिसा, कपड्यांचे कॅटलॉग, देणगीची आवाहनं, साप्ताहिकं हा सगळा माल कोणीतरी छापतं, पाकिटात भरतं, झिपकोडनुसार (अमेरिकेतला पिनकोड) लावतं आणि ट्रे-पॅलेट भरून टपालाच्या दारात उतरवतं. छापखाने, पाकिटं भरून देणारे लेटरशॉप, टपाल आधीच झिपकोडनुसार लावून देणारे प्रीसॉर्टवाले, पाकिटं बनवणारे, पत्त्यांचे सॉफ्टवेअरवाले आणि ज्यांचं टपाल असतं ते ग्राहक, हे सगळे मिळून मेलिंगचा धंदा होतो.

हे लोक तिकीट लावत नाहीत, त्यांचे दर वेगळे असतात. मार्केटिंग मेलसाठी, म्हणजे जाहिरातींच्या टपालासाठी, एका वेळी किमान २०० नग किंवा ५० पौंड वजन लागतं. फर्स्ट क्लासच्या, म्हणजे पत्रं-बिलांच्या, व्यापारी दरासाठी किमान ५०० नग. टपाल खात्याचं वर्गवारीचं काम आधीच करून दिलं म्हणून त्यांना सूट मिळते. ही सूट किती असावी, ती वर्षातून कितीदा बदलावी, बारकोडचा नियम कधी लागू व्हावा, यावर सगळा झगडा चालतो. एकटा छापखानदार तो लढू शकत नाही. त्यासाठी संघटना असतात: असोसिएशन फॉर पोस्टल कॉमर्स, नॅशनल पोस्टल पॉलिसी कौन्सिल, अलायन्स ऑफ नॉनप्रॉफिट मेलर्स, अमेरिकन कॅटलॉग मेलर्स असोसिएशन, अशा अनेक.

या लेखात अमेरिकेचंच उदाहरण घेतलं आहे, कारण तिथे ही सगळी लढाई कागदावर आणि जगासमोर होते. दरवाढीची नोटीस, तिच्यावरचे आक्षेप, आयोगाचा आदेश, सगळं कोणालाही वाचता येतं. तिकडे छपाई-मेलिंगच्या धंद्यात असलेल्या मराठी माणसाला याचा थेट उपयोग होईल. इकडच्या संघटना चालवणाऱ्यांना निदान पद्धत तरी कळेल.

आधी दार ओळखा

बहुतेक नव्या संघटनांची पहिली वर्षं चुकीच्या दारावर थापा मारण्यात जातात. दर वाढले की सभासद म्हणतात, ‘आपल्या काँग्रेसमनला भेटू.’ तो बिचारा सहानुभूती दाखवतो, फोटो काढतो, आणि काही करू शकत नाही. तसं का होतं, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

१९७० पर्यंत टपालाचे दर काँग्रेस ठरवत असे. त्या वर्षी मार्चमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला आणि ऑगस्टमध्ये निक्सन यांनी पोस्टल रिऑर्गनायझेशन कायद्यावर सही केली. टपाल खातं स्वतंत्र संस्था झालं आणि दरांच्या छाननीसाठी वेगळा आयोग आला. २००६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या कायद्यानं चित्र पुन्हा बदललं. आयोगाचं नाव पोस्टल रेग्युलेटरी कमिशन झालं, त्याला जास्त अधिकार मिळाले, आणि ज्या सेवांमध्ये टपाल खात्याला खरा प्रतिस्पर्धी नाही त्यांच्या दरवाढीला महागाई निर्देशांकाची मर्यादा लागली. पत्रं, मार्केटिंग मेल, नियतकालिकं हे सगळं या मर्यादेखाली येतं. पार्सलांचा बराचसा धंदा येत नाही.

आज दर ठरवतं टपाल खात्याचं गव्हर्नर मंडळ, आणि ते कायद्यात बसतात का हे पाहतो आयोग. आयोगावर पाच जण असतात. राष्ट्राध्यक्ष त्यांची नेमणूक करतात, सिनेट मंजुरी देतं, आणि एका पक्षाचे तिघांहून जास्त असू शकत नाहीत. मूळ चौकट बदलायची तर काँग्रेस. आयोगानं कायदा चुकीचा लावला असं वाटलं तर वॉशिंग्टनचं सर्किट न्यायालय, म्हणजे अपील ऐकणारं संघीय न्यायालय. पॅलेट कसं बांधायचं, फाइल कोणत्या स्वरूपात द्यायची यासाठी खुद्द टपाल खातं.

शिवाय राज्यांची विधिमंडळं आहेत, त्यांचा विसर पडतो. २००७ च्या सुमारास अनेक राज्यांत ‘डू नॉट मेल’ विधेयकं आली. नको असलेल्या फोनसाठी जशी यादी असते, तशी जाहिरातींच्या टपालासाठी करावी ही कल्पना होती. उद्योगानं ‘मेल मूव्ह्ज अमेरिका’ नावाची आघाडी उभी करून राज्याराज्यांत विरोध केला. यादी नको, हा त्यांचा आग्रह मला व्यक्तिशः फारसा पटत नाही. पण संघटनेच्या कामाचा नमुना म्हणून ते प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे: धोका जिथे उगवला तिथेच ते जाऊन उभे राहिले.

म्हणून कोणतीही तक्रार आली की आधी एका ओळीत लिहा: हा निर्णय कोण बदलू शकतो? उत्तर नेमकं देता येत नसेल, तर निवेदन लिहायला बसू नका.

घरातलं भांडण घरात मिटवा

या कामाचा हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. बाहेरून एकच दिसणारा हा उद्योग आतून फाटलेला असतो. पाकिटातली पत्रं पाठवणाऱ्याला वाटतं की जाड कॅटलॉगांचा तोटा आपल्या दरातून भरला जातो. कॅटलॉगवाल्याला वाटतं की टपाल खात्याचा खर्चाचा हिशोबच चुकीचा आहे, यंत्रं नीट चालत नाहीत याचा भुर्दंड आपल्याला बसतो. प्रीसॉर्ट कंपनीला सुटीतला फरक मोठा हवा असतो, कारण तिचा धंदाच त्या फरकावर उभा आहे. एवढ्या सुटीची गरज नसलेल्या ग्राहकाला मूळ दरच कमी हवा असतो.

कधी हे भांडण चव्हाट्यावरही येतं. २०१२ मध्ये टपाल खात्यानं व्हलासिस या जाहिरात-टपाल कंपनीशी खास दराचा करार केला. वर्तमानपत्रांच्या संघटनेनं त्याला कडाडून विरोध केला, कारण रविवारच्या अंकात येणाऱ्या जाहिरातींच्या पुरवण्या टपालाकडे वळतील अशी त्यांना भीती होती. आयोगानं करार मंजूर केला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि तिथेही तो टिकला. वर्तमानपत्रंही टपालाचे ग्राहकच. पण त्या दिवशी ती समोरच्या बाकावर होती.

म्हणून बाहेर तोंड उघडण्याआधी कार्यकारिणीनं विषयांची तीन ढिगांत वाटणी करावी. पहिल्या ढिगात सगळ्यांचं एकमत असलेले विषय: दरवाढ वर्षातून एकदाच व्हावी, आधी पुरेशी सूचना मिळावी, डिलिव्हरी वेळेवर व्हावी. इथे संघटनेनं जोरात बोलावं. दुसऱ्या ढिगात हितसंबंध वेगळे असलेले पण तडजोड शक्य असलेले विषय. त्यासाठी छोटी उपसमिती नेमून मसुदा ठरवावा आणि तो लेखी मंजूर करून घ्यावा. तिसऱ्या ढिगात सभासद एकमेकांच्या विरोधात असलेले विषय. तिथे संघटनेनं गप्प बसावं आणि सभासदांना आपापल्या नावानं निवेदन करू द्यावं. ही गप्प बसण्याची शिस्त मोडली की पुढच्या वर्षी वर्गणी कमी होते. सगळ्यात मोठी वर्गणी भरणारा सभासद तिसऱ्या ढिगातला विषय पहिल्यात ढकलू पाहतो, हेही कोषाध्यक्षानं गृहीत धरावं.

आकडे गोळा करा, पण जपून

आयोगासमोर ‘आमच्यावर अन्याय होतोय’ या वाक्याला शून्य किंमत आहे. तिथे खर्चाची भाषा चालते. ती भाषा शिकायची तर एक संकल्पना पक्की हवी: वाचलेला खर्च.

मेलर जेव्हा पत्रं आधीच झिपकोडनुसार लावून, बारकोड छापून, डिलिव्हरीच्या जवळच्या केंद्रात नेऊन उतरवतो, तेव्हा टपाल खात्याची काही मेहनत वाचते. त्या बदल्यात मिळते ती वर्कशेअर सूट. प्रीसॉर्टची सूट १९७० च्या दशकापासून आहे. कायदा म्हणतो, काही ठरावीक अपवाद सोडले तर सूट वाचलेल्या खर्चाहून जास्त नसावी. समजा मेलरच्या कामामुळे टपाल खात्याचे नगामागे ५ सेंट वाचतात आणि सूट मिळते ३ सेंट. धंद्यातले लोक म्हणतील, पासथ्रू ६० टक्के आहे. २०२० च्या आदेशानं आयोगानं कमी सुटीवरही बंधन घातलं: पासथ्रू किमान ८५ टक्क्यांपर्यंत हवा, नाहीतर सूट वाचलेल्या खर्चाच्या दिशेनं ठरलेल्या प्रमाणात सरकवायला हवी.

ज्या संघटनेकडे हे गणित मांडणारा अर्थतज्ज्ञ आहे तिचं निवेदन आयोगाचे कर्मचारी पेन्सिल घेऊन वाचतात. बाकीच्यांचं चाळतात. माझ्या मते छोट्या संघटनेनं वार्षिक मेजवानी रद्द करावी, पण अर्थतज्ज्ञाचे तास कमी करू नयेत. टपाल खातं आपला खर्चाचा तपशील दरवर्षी आयोगाकडे देतं, त्याच्या स्प्रेडशीट बऱ्याच अंशी खुल्या असतात. त्या उघडून स्वतः हिशोब पडताळता येतो. गोपनीय भाग पाहायचा असेल तर ठरावीक अटी मान्य करून परवानगी मागता येते.

दुसरे आकडे सभासदांकडून येतात: नव्या नियमामुळे यंत्रात किती बदल करावा लागला, प्रोग्रॅमरला किती तास लागले, ट्रक किती वेळ डॉकवर उभा राहिला. इथे एक खड्डा आहे. संघटनेचे सभासद एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. एका टेबलाभोवती बसून त्यांनी आपापले दर, ग्राहक, पुढची भाववाढ यांवर गप्पा मारल्या तर तो स्पर्धाविरोधी कायद्याचा गंभीर गुन्हा ठरू शकतो. सरकारकडे एकत्र जाऊन दाद मागण्याला मात्र संरक्षण आहे. नोअर आणि पेनिंग्टन या १९६१ आणि १९६५ च्या दोन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून ते आलं आहे. फरक नीट लक्षात घ्या: टपाल खात्यानं काय घ्यावं यावर एकत्र बोला, तुम्ही ग्राहकाकडून काय घेता यावर नको.

व्यवहारात याचा अर्थ असा: सर्वेक्षण बाहेरच्या हिशोबनिसाकडून करून घ्यावं, कोणाचाही वेगळा आकडा ओळखू येणार नाही असं एकत्र करून मांडावं, आणि बैठकीच्या सुरुवातीला वकिलानं नियम वाचून दाखवावेत. लोक कंटाळतात. वाचू द्यावेत.

वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

टपाल खात्याचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. त्यानंतर ९० दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस, ते आयोगाला वार्षिक अहवाल देतं: कोणत्या सेवेनं खर्च भरून काढला, दरातल्या कोणत्या सवलती प्रमाणाबाहेर आहेत, पत्रं किती वेळेवर पोचली. पुढच्या ९० दिवसांत आयोग निर्णय देतो. म्हणजे ज्या दिवसांत सगळं वॉशिंग्टन सुटीवर असतं त्याच दिवसांत संघटनेच्या विश्लेषकाला झोप नसते, कारण हरकती नोंदवायची मुदत लगेच जानेवारी-फेब्रुवारीत येते.

दरबदलाची नोटीस साधारण तीन महिने आधी दाखल होते. २०२४ मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला दाखल झालेले दर जुलैच्या मध्यावर लागू झाले. नोटीस आल्यावर सूचना-हरकतींना साधारण महिनाभर मिळतो. तेवढ्यात समिती बोलावणं, आकडे जमवणं, मसुदा लिहिणं, सभासदांची मंजुरी घेणं, सगळं बसवायचं. म्हणून निम्मा मसुदा नोटीस यायच्या आधीच तयार असावा लागतो.

आयोगाच्या प्रत्येक प्रकरणाला डॉकेट क्रमांक असतो. आधीचं अक्षर पाहिलं की विषय कळतो: आर म्हणजे दर, आरएम म्हणजे नियम बनवणं, एन म्हणजे देशभराच्या सेवेतला बदल, सी म्हणजे तक्रार, एमसी म्हणजे सेवांची वर्गवारी. रोज सकाळी नवीन काय दाखल झालं हे पाहायला कार्यालयात एक माणूस ठरवून द्या. मुदत उलटून गेल्यावर आलेलं निवेदन कितीही चांगलं असलं तरी स्वीकारायचं की नाही ही आयोगाची मर्जी.

एन डॉकेटमध्ये आयोगाचं मत फक्त सल्ल्याचं असतं. जानेवारी २०२५ च्या अखेरीस आयोगानं ग्रामीण टपालावर परिणाम करणाऱ्या वाहतूक योजनेबद्दल बरीच टीका करणारं मत दिलं. ते टपाल खात्यावर बंधनकारक नव्हतं. तरी असं मत वाया जात नाही, पुढे काँग्रेससमोर आणि पत्रकारांसमोर ते कामाला येतं.

निवेदन असं लिहा

चांगल्या निवेदनाचं पहिलं पान सांगतं: आम्ही कोण, आमचे सभासद कोणतं टपाल पाठवतात, आम्हाला आयोगाकडून नेमकं काय हवं. ‘आयोगानं पुनर्विचार करावा’ हे मागणं नाही. ‘अमुक दर परत पाठवावा’, ‘तमुक सूट पाऊण सेंटनं वाढवायला सांगावं’, ‘नियमाची तारीख सहा महिने पुढे ढकलावी’ ही मागणी झाली.

मग कायद्याचं कलम. २००६ च्या कायद्यात दरपद्धतीची नऊ उद्दिष्टं दिली आहेत. दर अंदाज करता येण्याजोगे आणि स्थिर असावेत, खर्च कमी करण्याला प्रोत्साहन मिळावं, सेवेचा दर्जा टिकावा, टपाल खात्याचं उत्पन्न पुरेसं राहावं, ही त्यातली काही. आपला मुद्दा यांपैकी एका उद्दिष्टाला बांधता आला नाही तर तो कैफियत म्हणून पडून राहतो. शेवटचं उद्दिष्ट आपल्या विरोधात जाईल हे गृहीत धरून त्याचं उत्तरही त्याच कागदात द्यावं.

वेगळ्या डोळ्यांनी कायदा वाचणं म्हणजे काय, याचं उत्तम उदाहरण इंटेलिजंट मेल बारकोडचं. पाकिटावरचा हा ६५ रेघांचा बारकोड. सूट हवी असेल तर त्याची ‘फुल-सर्व्हिस’ पद्धत (प्रत्येक पाकिटाला आणि ट्रेला स्वतंत्र बारकोड, सोबत इलेक्ट्रॉनिक कागदपत्रं) जानेवारी २०१४ पासून सक्तीची, असं टपाल खात्यानं ठरवलं. दर तेच, नियम नवा. मेलरांची बाजू अशी होती की नियम पाळला नाही म्हणून ज्याला जास्त दर भरावा लागेल, त्याच्यासाठी ही दरवाढच आहे, मग ती महागाईच्या मर्यादेत मोजा. नोव्हेंबर २०१३ मध्ये आयोगानं ते मान्य केलं आणि टपाल खात्यानं सक्ती पुढे ढकलली. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. २०१५ मध्ये न्यायालयाला मूळ कल्पना मान्य होती, पण कोणता नियम दरवाढ ठरतो याची कसोटी स्पष्ट नाही म्हणून त्यानं ते परत पाठवलं. आयोगानं केलेली नवी कसोटीही २०१८ मध्ये टिकली नाही. अखेर कायद्यात मेलरांच्या हाती फार काही राहिलं नाही, पण सक्ती लांबली आणि छोट्या छापखान्यांना सवड मिळाली. मला तो निम्मा विजय वाटतो. या क्षेत्रात बहुतेक विजय निम्मेच असतात.

एक कमी वापरलं जाणारं हत्यार सांगतो. टपाल खात्याच्या आकड्यांत काही खटकलं तर आयोगाचे अध्यक्ष त्याच्याकडे लेखी माहिती मागू शकतात, आणि कोणता प्रश्न विचारावा हे सुचवणारा अर्ज संघटनेलाही करता येतो. स्वतः आरोप करण्यापेक्षा योग्य प्रश्न आयोगाच्या तोंडून विचारला गेला तर उत्तर टाळता येत नाही. शिवाय प्रत्येक प्रकरणात आयोग सर्वसामान्य जनतेच्या वतीनं एक सार्वजनिक प्रतिनिधी नेमतो. त्याचं निवेदन जरूर वाचा. कधी तो तुमच्याच बाजूचा निघतो, आणि त्याच्या शब्दाला तुमच्या शब्दापेक्षा वजन असतं, कारण त्याचं काही विकायचं नसतं.

चालू प्रकरणाबद्दल आयोगाच्या सदस्याला खासगीत गाठून बोलणं नियमाबाहेर आहे. परिषदेत कॉफीच्या रांगेत भेट झाली तर हवापाण्यावर बोला.

टपाल खात्याशी रोजचं नातं

एका बाजूला खटला आणि दुसऱ्या बाजूला सहकार्य, हे दोन्ही एकदम चालतं. १९६० च्या दशकापासून मेलर्स टेक्निकल ॲडव्हायझरी कमिटी आहे. उद्योगातल्या संघटना तिच्यावर आपले प्रतिनिधी पाठवतात. बारकोड, फाइलींची रचना, ट्रेची लेबलं, पत्ता बदललेल्यांच्या यादीशी जुळवणी असे मुख्यतः तांत्रिक विषय तिथे कार्यगटांत सोडवले जातात. इथे वक्ता पाठवू नका. ज्याच्या हाताला शाई लागते तो उत्पादन व्यवस्थापक पाठवा. शहराशहरांतल्या पोस्टल कस्टमर कौन्सिलच्या सभा छोट्या मेलरसाठी त्याहून उपयोगी, फुकटात स्थानिक अधिकाऱ्यांची ओळख होते.

टपाल खात्याला इतर सरकारी विभागांसारखा नियम बनवण्याच्या प्रक्रियेचा सर्वसाधारण कायदा लागू होत नाही, तरी नियमपुस्तकातले बरेचसे प्रस्तावित बदल ते फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापून मतं मागवतं. तेही रोज पाहायच्या यादीत हवं.

काँग्रेसकडे जायचं तेव्हा

कायद्याची चौकटच अडत असेल तेव्हाच इथे यावं, आणि एकट्यानं येऊ नये. २००६ च्या कायद्यानं टपाल खात्यावर निवृत्तांच्या आरोग्यविम्यासाठी वर्षाला साधारण साडेपाच अब्ज डॉलर आधीच बाजूला ठेवायची सक्ती केली होती. २०१२ पासून ते पैसे भरणंच थांबलं. मेलरांना याचं काय? ताळेबंदावरचा हा तोटा दाखवूनच जास्तीच्या दरवाढीचा आग्रह होत होता. तेव्हा एरवी एकमेकांवर डोळे वटारणारे टपाल खात्याचं व्यवस्थापन, कामगार संघटना आणि मेलर संघटना, तिघंही एकाच बाजूला आले. पोस्टल सर्व्हिस रिफॉर्म कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात ३४२ विरुद्ध ९२ आणि मार्चमध्ये सिनेटमध्ये ७९ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला. एप्रिलमध्ये बायडेन यांनी सही केली. थकलेले सुमारे ५७ अब्ज डॉलर माफ झाले. या कामाला वर्षंच्या वर्षं लागली, हे उतावळ्या सभासदांना मुद्दाम सांगावं.

दरवाढ मात्र त्यानं थांबली नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आयोगानं महागाईच्या वर जादा वाढीचे अधिकार टपाल खात्याला दिले होते: टपाल कमी होत चालल्यामुळे प्रत्येक पत्त्यामागे पडणारा वाढीव खर्च, निवृत्तिवेतनाची देणी, आणि तोट्यातल्या वर्गांसाठी आणखी दोन टक्के. मेलर संघटना न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये हरल्या. ऑगस्ट २०२१ ची वाढ सरासरी ६.९ टक्के होती. एका दारातून मिळालेलं दुसऱ्या दारातून जातं, ते असं.

खासदाराच्या भेटीला जाताना वॉशिंग्टनचा वकील मागे बसवा आणि त्याच मतदारसंघातला छापखानदार पुढे. एक पानाचा कागद, त्यावर त्या जिल्ह्यातल्या नोकऱ्या, एक मागणी. वीस मिनिटं मिळतील असं समजून पाच मिनिटांची तयारी करा. मतदारसंघातल्या कारखान्याला भेट द्यायचं आमंत्रण द्या. पाकीट भरणाऱ्या यंत्रासमोर उभं राहिलेला माणूस प्रश्न विचारायला लागतो.

कागदपत्रांची बाजूही सांभाळा. लॉबिंग करणाऱ्यांची नोंदणी आणि तिमाही अहवाल १९९५ च्या कायद्यानुसार द्यावे लागतात. वर्गणीचा जो भाग लॉबिंगवर खर्च होतो तो सभासदाला करातून वजा करता येत नाही. ते त्याला दरवर्षी कळवावं लागतं, नाहीतर संघटनेलाच कर भरावा लागतो.

२०१०: एक पूर्ण डाव

मंदीत टपाल कोसळलं. २००६ मध्ये २१३ अब्ज नग होते, ते झपाट्यानं घसरले. जुलै २०१० मध्ये टपाल खात्यानं असामान्य परिस्थितीचं कलम वापरून महागाईच्या मर्यादेवर सरासरी सुमारे ५.६ टक्के वाढ मागितली. संस्था, मासिकं, कॅटलॉगवाले, मोठे मेलर यांनी ‘अफोर्डेबल मेल अलायन्स’ उभारली. मंदी आली हे त्यांनी नाकारलं नाही. त्यांनी एवढंच दाखवलं की मागितलेले पैसे मंदीच्या नुकसानीशी जोडलेले नाहीत, जुनी दुखणी मंदीच्या नावावर खपवली जात आहेत. ३० सप्टेंबरला आयोगानं एकमतानं मागणी फेटाळली आणि कारण जवळपास तेच दिलं.

पण डाव संपला नव्हता. टपाल खातं न्यायालयात गेलं, प्रकरण परत आलं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये आयोगानं ४.३ टक्के वाढ दिली, पण ठरावीक रक्कम वसूल होईपर्यंतच. मेलर पुन्हा न्यायालयात गेले, तसं टपाल खातंही गेलं. २०१५ च्या निकालानंतर वसुलीची रक्कम वाढली, तरी मुदतीचं तत्त्व टिकलं. १० एप्रिल २०१६ ला अधिभार उतरला आणि तिकीट ४९ सेंटवरून ४७ वर आलं. अमेरिकेत तिकीट स्वस्त होणं ही फारच दुर्मीळ गोष्ट. वरच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रकरणात सापडतात, म्हणून नव्या माणसाला मी हेच कागद आधी वाचायला देईन.

आदेशाविरुद्ध न्यायालयात जायला ३० दिवस असतात. जाण्यापूर्वी एकच पाहा: आयोगासमोर हा मुद्दा आपण लेखी मांडला होता का? नसेल तर न्यायालय सहसा तो ऐकून घेत नाही. म्हणजे खटल्याची तयारी पहिल्या निवेदनापासूनच सुरू होते.

मंडळांसाठी आणि इकडच्यांसाठी

उत्तर अमेरिकेतली बरीच मराठी मंडळं करमुक्त संस्था आहेत. अशा पात्र संस्थेला टपाल खात्याकडे अर्ज करून नॉनप्रॉफिट दर मिळू शकतो. कायद्यानुसार या टपालाचं सरासरी उत्पन्न व्यापारी टपालाच्या ६० टक्क्यांच्या आसपास ठेवायचं असतं. ही सवलत टिकवायला कोणीतरी दरवर्षी आयोगासमोर उभं राहतं, हे गणेशोत्सवाची दोनशे निमंत्रणं टाकताना कोणाच्या गावी नसतं. मंडळांनी निदान संघटनांची सर्वेक्षणं भरून द्यावीत.

भारतात टपालासाठी असा स्वतंत्र नियामक नाही. २०२३ च्या पोस्ट ऑफिस कायद्यानं, जो १८ जून २०२४ पासून लागू आहे, शुल्काबाबतचे नियम करण्याचा अधिकार टपाल सेवा महासंचालकांकडे दिला. त्यामुळे दिवाळी अंक किंवा मासिक टपालानं पाठवणाऱ्या प्रकाशकांना डॉकेट, सुनावणी, सार्वजनिक प्रतिनिधी यांतलं काही मिळत नाही. तरी दोन दारं उघडी आहेत. २०१४ च्या पूर्वविधायी सल्लामसलत धोरणानुसार कायद्यांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणं अपेक्षित आहे. आणि दळणवळण व माहिती तंत्रज्ञानाची संसदीय स्थायी समिती टपाल विभागाच्या अनुदान मागण्या दरवर्षी तपासते. तिला निवेदन देता येतं. तिथे ‘मराठी वाचनसंस्कृती धोक्यात’ असं लिहून पाठवण्यापेक्षा दहा प्रकाशकांनी मिळून गेल्या तीन वर्षांत किती अंक पाठवले, किती परत आले, किती पोचलेच नाहीत आणि अंकामागे टपालखर्च किती झाला, असा एक तक्ता पाठवावा. तक्ता भरायला दिवाळीनंतरचा महिना बरा. परत आलेल्या अंकांचे गठ्ठे तोवर कार्यालयात साचलेले असतात, आणि त्यांच्यावरचे शेरे मोजायला तेव्हाच हाताशी माणसं असतात.